पॉडमधलं डीएनएस अधूनमधून गंडतं तेव्हा

कुबरनेटीस ही ॲप अनेक मशिनांवर 'पॉड' नावाच्या डब्यांतून चालवणारी व्यवस्था; ती मशिनं म्हणजे नोड, आणि सगळी मिळून क्लस्टर. तिथे डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधणं, अधूनमधून फसतं तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "ॲप मधूनच अडकतं, लॉगमध्ये नाव सापडलं नाही असं काहीतरी दिसतं, आणि बघायला जावं तर सगळं ठीक." मग कुणीतरी कोअरडीएनएसचे (क्लस्टरचा डीएनएस सर्व्हर) पॉड रिस्टार्ट करतं, तक्रार थांबते, तिकीट बंद होतं. दोन-तीन आठवड्यांनी तेच तिकीट पुन्हा उघडतं.

आमच्याकडे हे जवळपास चार महिने चाललं. रिस्टार्टने गुण येतो अशी सगळ्यांची खात्री होती, पण तो प्रकार कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी तसा होता. हा बिघाड गर्दीच्या वेळी डोकं वर काढतो आणि गर्दी ओसरली की आपला आपण निवतो. माणूस लॉगिन करून रिस्टार्टपर्यंत पोचतो तोवर गर्दी ओसरलेली असते. वर जुने पॉड गेले की त्यांचे लॉगही जातात, म्हणजे पुरावा आपणच पुसून टाकतो.

म्हणून आधी हात आवरा. कोअरडीएनएसला लगेच हात लावू नका.

बिघाड नेमका कोणत्या जातीचा?

"डीएनएस चालत नाही" एवढ्यावर काहीच करता येत नाही. चार वेगवेगळी दुखणी या एका नावाखाली खपतात. 'असं नाव अस्तित्वात नाही' हे एनएक्सडोमेनचं उत्तर आलं, तर रस्ता शाबूत आहे, प्रश्न नावाचा किंवा सर्च यादीचा (अर्धवट नावाला जोडून बघायच्या शेपटांची यादी) आहे. सर्व्हफेल आलं, तर कोअरडीएनएसपर्यंत आपण पोचलो, पण त्याला पुढून उत्तर मिळालं नाही. काहीच आलं नाही, टाइमआउट झाला, तर नेटवर्कचं पाकीट वाटेत कुठेतरी हरवलं. चौथा प्रकार दुर्मीळ आणि सगळ्यात वाईट: उत्तर येतं, पण भलत्याच आयपीचं.

ॲपचा लॉग हा फरक बहुधा सांगत नाही. बऱ्याच लायब्रऱ्या चारही गोष्टींना एकच मोघम संदेश देतात. म्हणून स्वतः विचारून बघावं लागतं, आणि तेही त्याच पॉडच्या आतून. आपल्या लॅपटॉपवरून किंवा नोडवरून केलेली चाचणी इथे कुचकामी आहे, कारण नोडची रिझॉल्व्हर फाइल (नाव कुणाला विचारायचं ते सांगणारी) वेगळी असते. इमेजमध्ये शेलसुद्धा नसेल तर क्युबसीटीएल या कुबरनेटीसच्या कमांड साधनाच्या डीबग आज्ञेने तात्पुरता कंटेनर त्याच पॉडला जोडता येतो. ही सोय कुबरनेटीस १.२५ पासून स्थिर आहे.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही फाइल वाचणं. साध्या पॉडमध्ये तीन ओळी दिसायला हव्यात: नेमसर्व्हर म्हणून क्लस्टरच्या डीएनएस सर्व्हिसचा आयपी (क्युबॲडमिनने उभारलेल्या क्लस्टरमध्ये बहुधा १०.९६.०.१०; सर्व्हिस म्हणजे पॉडांच्या गटाला दिलेला एक सामाईक पत्ता), सर्च यादी आणि 'एनडॉट्स ५' (त्याचा अर्थ खाली येतो). नेमसर्व्हरच्या जागी नोडचाच सर्व्हर दिसला तर पॉडची डीएनएस पॉलिसी तपासा. इथे नाव फसवं आहे. 'डिफॉल्ट' नावाची पॉलिसी ही मुळात डिफॉल्ट नाहीच. ती नोडची फाइल जशीच्या तशी उचलते. काहीच लिहिलं नाही तर लागू होते ती 'क्लस्टरफर्स्ट'. आणि पॉड होस्ट नेटवर्कवर, म्हणजे नोडच्याच नेटवर्कवर, चालत असेल तर 'क्लस्टरफर्स्ट'ही निमूटपणे 'डिफॉल्ट'सारखं वागतं. त्याला 'क्लस्टरफर्स्ट विथ होस्टनेट' असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. मॉनिटरिंगचे एजंट क्लस्टरमधल्या सर्व्हिसचं नाव ओळखत नाहीत, यामागे निम्म्या वेळा हेच असतं.

चाचणीचं हत्यार चुकलं तर निष्कर्षही चुकतो

डिग हे नाव विचारून बघायचं उत्तम साधन आहे, पण ते सर्च यादी वापरतच नाही; तसं मुद्दाम सांगावं लागतं. त्यामुळे 'डिगने नाव सापडत नाही, कर्लने (वेब विनंती पाठवणारं साधन) सापडतं' असा गोंधळ होतो. बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचातल्या एनएसलुकअपवर तर माझा विश्वासच नाही, १.२८ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये त्याने लोकांना खूप चकवलं आहे. शिवाय डिग एका वेळी एकच प्रश्न विचारतं. आपलं ॲप मात्र गेटॲडरइन्फो या नाव शोधणाऱ्या फंक्शनमार्फत आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन प्रश्न जोडीने पाठवतं. खाली ज्या ५ सेकंदांच्या रोगाबद्दल सांगणार आहे तो या जोडीमुळेच होतो, म्हणजे डिगने हजारदा विचारलं तरी तो सहसा दिसणार नाही.

तेव्हा गेटएंट ही लिनक्सची आज्ञा वापरा, आणि त्यातही 'होस्ट्स' नव्हे तर 'एहोस्ट्स' हा पर्याय. पहिला जुन्या पद्धतीने एकामागून एक विचारतो, दुसरा ॲपसारखा जोडीने. हे न कळल्याने माझा एक अख्खा दिवस वाया गेला आहे. कर्ल असेल तर 'टाइम नेमलुकअप' हा आकडा छापून घ्या. लूपमध्ये दोन-पाच हजार वेळा चालवा आणि प्रत्येक वेळचा कालावधी फाइलीत लिहा. सरासरी काढू नका. सरासरीत हा रोग विरघळून जातो. फक्त एक सेकंदाच्या वरचे नमुने वेगळे काढा आणि ते कुठे गोळा झालेत ते पाहा.

५ सेकंद

ते बरोबर ५ च्या किंचित वर गोळा झाले असतील, तर जवळपास निदान झालं. ग्लिबसी या लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीतल्या रिझॉल्व्हरचा (नाव शोधणारा भाग) टाइमआउट मुळात ५ सेकंद असतो. एक पाकीट हरवलं, रिझॉल्व्हर ५ सेकंद थांबला, पुन्हा विचारलं आणि लगेच उत्तर मिळालं. ॲपच्या दृष्टीने चूक काहीच नाही, फक्त एक विनंती ५ सेकंद रखडली. दोन्ही प्रयत्न फसले तर १० सेकंद.

पाकीट हरवतं कुठे? सर्व्हिसचा आयपी हा खरा पत्ता नसतो. नोडच्या कर्नलमध्ये तो बदलून एखाद्या कोअरडीएनएस पॉडचा खरा आयपी घातला जातो, आणि ही अदलाबदल लक्षात ठेवायला कॉनट्रॅकच्या (कर्नलचा जोडण्यांचा माग ठेवणारा भाग) तक्त्यात एक नोंद होते. ग्लिबसी दोन्ही प्रश्न एकाच सॉकेटमधून, म्हणजे एकाच सोर्स पोर्टवरून, पाठोपाठ सोडते. यूडीपीत आधी जोडणी होत नसल्यामुळे नोंद पहिल्या पाकिटासोबतच तयार होते, आणि पक्की होते ती पाकीट बाहेर पडताना. दोन पाकिटं दोन वेगळ्या सीपीयूंवर एकाच क्षणी या वाटेवर असली, तर दोघांचीही स्वतःची कच्ची नोंद तयार होते. एक आधी पक्की होते. दुसरीची वेळ येते तेव्हा जागा गेलेली असते, आणि ते पाकीट मुकाट्याने टाकून दिलं जातं. कोअरडीएनएसला याचा पत्ताच नसतो. त्याच्या लॉगमध्ये जोडीतला एकच प्रश्न दिसतो आणि तोही मिलिसेकंदात उत्तर दिलेला. म्हणून कोअरडीएनएसचे आलेख हिरवेगार आणि ॲपवाले हैराण, असं चित्र असतं.

खात्री करायला नोडवर जाऊन कॉनट्रॅकची आकडेवारी काढा आणि 'इन्सर्ट फेल्ड' हा मोजणीचा आकडा बघा. तो गर्दीच्या वेळी चढत असेल तर हाच रोग. तिथेच कर्नलच्या संदेशांत 'टेबल फुल' असं सापडलं तर गोष्ट वेगळी आहे: तक्ताच भरलाय, त्याची कमाल मर्यादा वाढवा. त्या वेळी डीएनएसच नव्हे, सगळ्याच नव्या जोडण्या अडखळत असतात.

कर्नल ५.० च्या सुमारास या शर्यतीच्या काही फटी बुजवल्या गेल्या. पण दोन पाकिटांना दोन वेगळे कोअरडीएनएस पॉड वाट्याला आले, तर गोष्ट अजूनही बिनसू शकते. त्यामुळे 'कर्नल नवा आहे' म्हणून हा संशय सोडून देऊ नका.

उपाय दोन पातळ्यांवर आहेत. एका ॲपपुरता प्रश्न असेल तर पॉडच्या डीएनएस कॉन्फिगमध्ये 'सिंगल रिक्वेस्ट रीओपन' हा पर्याय घाला; मग दुसरा प्रश्न नव्या सॉकेटमधून जातो आणि टक्करच होत नाही. 'यूज व्हीसी' घातलं तर सगळं आधी जोडणी करणाऱ्या टीसीपीवरून जातं. पूर्ण क्लस्टरला औषध द्यायचं तर नोडलोकल डीएनएसकॅश. हा प्रत्येक नोडवर एक छोटा कॅश सर्व्हर चालवतो, बहुधा १६९.२५४.२०.१० या पत्त्यावर. पॉडपासून त्याच्यापर्यंतची पाकिटं कॉनट्रॅकच्या तक्त्यात नोंदलीच जात नाहीत, आणि तिथून क्लस्टरच्या डीएनएसकडे तो टीसीपीने बोलतो. कुबरनेटीस १.१८ पासून हे स्थिर आहे आणि माझ्या मते थोड्याही मोठ्या क्लस्टरमध्ये ते असायलाच हवं.

फक्त त्याला मेमरी देताना कंजुषी करू नका. हा पॉड मेमरीअभावी मारला गेला तर त्याने घातलेले फिल्टरचे नियम मागेच राहतात, आणि तो पुन्हा उभा राहीपर्यंत त्या नोडवरच्या सगळ्या पॉडचं डीएनएस गेलेलं असतं. आणि क्युबप्रॉक्सी (सर्व्हिसच्या पत्त्याची ती अदलाबदल करणारा भाग) आयपीव्हीएस पद्धतीने चालत असेल तर नुसतं बसवून भागत नाही. क्युबलेटला (प्रत्येक नोडवर पॉड चालवणारा एजंट) क्लस्टर डीएनएसचा नवा पत्ता सांगावा लागतो. ते विसरलं की कॅश शांतपणे रिकामा बसून राहतो आणि आपण 'यानेही काही फरक पडला नाही' असं म्हणत फिरतो.

५ ठिपक्यांचा हिशोब

एनडॉट्स ५ चा अर्थ: नावात पाचपेक्षा कमी ठिपके असतील तर आधी सर्च यादीतलं प्रत्येक शेपूट जोडून बघ, मग मूळ नाव विचार. 'एपीआय.एक्झाम्पल.कॉम' मध्ये दोनच ठिपके. म्हणजे डिफॉल्ट नेमस्पेसमधल्या (नेमस्पेस म्हणजे क्लस्टरमधला एक कप्पा) पॉडने ते मागितलं की आधी शेवटी 'डिफॉल्ट.एसव्हीसी.क्लस्टर.लोकल' लावून, मग 'एसव्हीसी.क्लस्टर.लोकल', मग 'क्लस्टर.लोकल', आणि शेवटी मूळ नाव. चार नावं, प्रत्येकी दोन प्रश्न, एकूण आठ. त्यातले सहा हमखास वाया. नोडच्या फाइलीतही एखादं सर्च डोमेन असेल तर ते यादीच्या शेवटी चिकटतं आणि आठाचे दहा होतात. वरच्या शर्यतीला प्रत्येक जोडी म्हणजे एक नवी संधी, हे लक्षात घेतलं की दोन्ही दुखणी एकत्र का दिसतात ते कळतं.

पाचच का, असं नेहमी विचारतात. एसआरव्ही (सर्व्हिसचं पोर्ट सांगणाऱ्या) प्रकारच्या नावात पोर्ट, प्रोटोकॉल, सर्व्हिस, नेमस्पेस आणि 'एसव्हीसी' असे पाच तुकडे असतात, म्हणजे चार ठिपके. तेही सर्च यादीतून सापडावं म्हणून पाच.

बाहेरची नावं ज्या ॲपला सतत लागतात तिथे एनडॉट्स २ करावं. 'सर्व्हिस.नेमस्पेस' असं एका ठिपक्याचं नाव त्यातही पूर्वीसारखं चालतं. पण कुणी 'सर्व्हिस.नेमस्पेस.एसव्हीसी' असं लिहिलं असेल तर त्यात दोन ठिपके आहेत. ग्लिबसी आधी तसंच विचारेल, नाही सापडलं की सर्च यादीकडे वळेल. अल्पाइन या छोट्या लिनक्समधली मसल ही सी लायब्ररी मात्र वळणार नाही, तिथेच हात वर करेल. दुसरा मार्ग नावाच्या शेवटी ठिपका देण्याचा. डेटाबेसच्या पत्त्याला हे छान चालतं. एचटीटीपीएसला देताना जरा जपून, कारण काही सर्व्हर आणि सर्टिफिकेट तपासणाऱ्या लायब्रऱ्या त्या शेवटच्या ठिपक्यावर अडतात.

भलतंच उत्तर येण्याचा चौथा प्रकार इथेच जन्मतो. नोडकडून आलेल्या सर्च डोमेनवर कुणी वाइल्डकार्ड (कुठल्याही नावाला उत्तर देणारा) रेकॉर्ड ठेवला असेल, तर 'एपीआय.एक्झाम्पल.कॉम' ला ते शेपूट जोडलेलं नाव चक्क सापडतं. मूळ नाव विचारायची वेळच येत नाही. मग समोर येते सर्टिफिकेट जुळत नसल्याची चूक, आणि माणसं दोन दिवस सर्टिफिकेट उलटसुलट करत बसतात.

अल्पाइनची वेगळी कथा

मसलला 'सिंगल रिक्वेस्ट'सारखे पर्याय कळत नाहीत. ती ते वाचून सोडून देते. ग्लिबसीसाठी लिहिलेला उपाय अल्पाइनच्या पॉडला लावून 'केलं की' म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय १.२.४ च्या आधीच्या मसलमध्ये डीएनएससाठी टीसीपी नव्हतंच. उत्तर यूडीपीत मावलं नाही की सर्व्हर ते कापून पाठवतो आणि टीसीपीने पुन्हा विचारा असं सुचवतो; जुनी मसल ते ऐकत नसे. मागे पॉड वाढवले की मोडणाऱ्या हेडलेस सर्व्हिसचं (उत्तरात प्रत्येक पॉडचा आयपी देणारी) कोडं बऱ्याचदा यातच सुटतं: २० पॉडपर्यंत ठीक, ४० झाले की अर्धवट यादी. मे २०२३ मध्ये आलेल्या अल्पाइन ३.१८ पासून हे सुधारलं आहे. बेस इमेज त्याहून जुनी असेल तर बाकी काही शोधण्याआधी ती बदला.

टाइमआउट सतत होत असेल, किंवा बरोबर अर्ध्या वेळा

बरोबर अर्ध्या वेळा फसणं हा फार उपयोगी पुरावा आहे. कोअरडीएनएसचे पॉड बहुधा दोन असतात. त्यांतल्या एकापर्यंत वाट नाही एवढाच त्याचा अर्थ. इथे डिग कामाला येतं. सर्व्हिसचा आयपी सोडून प्रत्येक कोअरडीएनएस पॉडच्या आयपीला थेट विचारा. सर्व्हिसचं नाव अजूनही 'क्युब-डीएनएस' असंच आहे, यावरून गोंधळू नका, १.१३ पासून मागे कोअरडीएनएस आलं, नाव जुनंच राहिलं. पॉडचा आयपी उत्तर देतो आणि सर्व्हिसचा देत नाही, तर दोष क्युबप्रॉक्सीच्या नियमांत. एक पॉड फक्त काही नोडवरूनच उत्तर देतो, तर नोडांमधलं नेटवर्क बघा. फ्लॅनेल या नेटवर्क प्लगइनची व्हीएक्सलॅन (नोडांमधला बोगदा) लिनक्सवर यूडीपी ८४७२ वापरते, आणि नव्या नोडच्या फायरवॉलमध्ये ते पोर्ट उघडायचं राहून जाणं ही नित्याची चूक आहे.

एकाच नेमस्पेसला त्रास होत असेल तर नेटवर्क पॉलिसी (पॉडनी कुणाशी बोलायचं ते ठरवणारे नियम) बघा. बाहेर जाणारं सगळं बंद करणारी पॉलिसी लावताना डीएनएसची वाट मोकळी ठेवायची राहून जाते, किंवा फक्त यूडीपी ५३ उघडलं जातं आणि टीसीपी ५३ राहतं. दुसरी चूक जास्त छळते, कारण छोटी उत्तरं येत राहतात आणि मोठी तेवढी अडकतात. आणखी एक खाचखळगा: पॉलिसी पॉडच्या खऱ्या पोर्टवर लागू होते, सर्व्हिसच्या नव्हे. रेड हॅटच्या ओपनशिफ्टमध्ये डीएनएसचे पॉड ५३५३ वर ऐकतात, म्हणून दुसरीकडून उचलून आणलेली ५३ ची पॉलिसी तिथे काहीच करत नाही.

कोअरडीएनएस स्वतः आजारी असतो तेव्हा

असंही होतं, पण लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी वेळा. पॉड सारखे पडून उठत असतील आणि लॉगमध्ये 'लूप डिटेक्टेड' असेल तर नोडवर बहुधा सिस्टिमडी-रिझॉल्व्हड (लिनक्सचा स्थानिक डीएनएस सर्व्हर) आहे. नोडच्या फाइलीत १२७.०.०.५३ असा पत्ता असतो. कोअरडीएनएस ती फाइल घेऊन बाहेरचे प्रश्न तिकडे पाठवायला जातो आणि पॉडच्या आत तो पत्ता म्हणजे तो स्वतःच. क्युबलेटला रन फोल्डरमधल्या सिस्टिमडीच्या खऱ्या रिझॉल्व्ह फाइलीचा रस्ता द्या. असा फेरा ओळखणारं लूप प्लगइनच काढून टाकण्याचा सल्ला जागोजाग दिलेला दिसतो. तो मानू नका. घंटी काढली म्हणून आग विझत नाही.

सर्व्हफेल येत असेल तर कोअरडीएनएसच्या लॉगमध्ये 'आय-ओ टाइमआउट' शोधा आणि त्याच ओळीतला आयपी बघा. तो वरच्या सर्व्हरचा असतो, म्हणजे दोष क्लस्टरच्या बाहेर. ॲमेझॉनच्या व्हीपीसीत (तिथलं खासगी नेटवर्क) एका नेटवर्क इंटरफेसमागे डीएनएसची सेकंदाला १०२४ पाकिटं एवढीच मर्यादा आहे, आणि ती वाढवून मिळत नाही. कोअरडीएनएसचे दोन्ही पॉड एकाच नोडवर येऊन बसले की सगळ्या क्लस्टरचे बाहेरचे प्रश्न एकाच इंटरफेसमधून जातात. ते वेगळ्या नोडवर बसतील अशी अट घाला. सीपीयूची मर्यादा घातली असेल तर थ्रॉटलिंगही (मर्यादा गाठली की रोखून धरणं) बघा. ५ ऐवजी काही शे मिलिसेकंदांचे विलंब दिसतात ते बऱ्याचदा त्याचे. पोर्ट ९१५३ वर प्रोमिथियस या मॉनिटरिंग साधनासाठीचे आकडे तयारच असतात.

सगळ्या प्रश्नांचा लॉग चालू करायचा मोह होतो. पंधरा मिनिटं करा आणि बंद करा. गर्दीच्या क्लस्टरमध्ये तो लॉगच नवा भार होऊन बसतो.

ॲपच्या बाजूचं थोडं

नोड जेएसमध्ये (हे जावास्क्रिप्टचं, क्लस्टरचा नोड नव्हे) नाव शोधणं लिबयूव्ही या आतल्या लायब्ररीच्या चार थ्रेडवर चालतं, आणि एका वेळी त्यांतले दोनच या कामाला मिळतात. ते दोन ५-५ सेकंद अडकले की पुढचे सगळे शोध रांगेत थांबतात, आणि अख्खं ॲपच हळू झाल्याचा भास होतो. जावा उलटं करतं: उत्तर साठवून ठेवतं, साधारण ३० सेकंद, पण जुन्या आवृत्त्यांत सिक्युरिटी मॅनेजर चालू असेल तर कायमचं. सर्व्हिस नव्याने तयार झाली, तिचा आयपी बदलला, बाकी सगळे पोचतात आणि एक जुनं जावा ॲप तेवढं जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतं, तर क्लस्टरमध्ये काही शोधू नका.

आमच्या चार महिन्यांच्या तिकिटाचं पुढे काय झालं? लूपने काढलेल्या ५००० नमुन्यांत १७ शोध ५ सेकंदांच्या वर होते, आणि त्याच तासात इन्सर्ट फेल्ड चढला होता. नोडलोकल बसवलं, एनडॉट्स २ केलं. तिकीट बंद झालं आणि नऊ दिवसांनी पुन्हा उघडलं. या वेळी तक्रार एकाच सर्व्हिसची होती, आणि ती ५ सेकंदांची नव्हती; नाव सापडतच नव्हतं, सदासर्वकाळ. अल्पाइन ३.१६, आणि कॉन्फिगमध्ये कुणीतरी प्रेमाने लिहिलेलं 'सर्व्हिस.नेमस्पेस.एसव्हीसी'. ते मोडलं होतं आम्हीच, एनडॉट्स बदलून.